विचारलं तिला होतं

गोंदियात मला ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना मी डॉक्टर आहे हे अजून पटलेलं नाही. 'खून-पेशाब जाँचनेवाली मॅडम' ही माझी ख्याती. नवऱ्याच्या मित्राच्या सासूबाईंनी तर एकदा मला विचारलं होतं, "मग पुढे डॉक्टरकीचं शिक्षण नाही घेतलं का?" मी नाही म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे आता निवृत्त झाल्यावर तरी सांगते. रक्त-लघवी हा आमच्या धंद्याचा दर्शनी भाग. खरं काम मागच्या खोलीत चालतं. तिथे माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे येतात. ते औषधी पाण्यात मुरवायचे, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्राच्या सुरीने त्यांचे कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रे काढायचे, काचेवर पसरून गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाच्या दुर्बिणीखाली पाहून सांगायचं, की ही साधी सूज आहे की कॅन्सर, आणि कॅन्सर असेल तर कुठला. आम्ही जे लिहू त्यावर कुणाचा स्तन राहतो किंवा जातो, कुणाचं आतडं राहतं किंवा जातं. इतकं करून पेशंटने आमचं तोंड पाहिलेलं नसतं आणि आम्ही पेशंटचं.

मोठ्या शहरात ऑपरेशनची खोली आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत असते. आमच्याकडे ऑपरेशन एका गल्लीत आणि मी दुसऱ्या गल्लीत, जिना चढून पहिल्या मजल्यावर. मधला प्रवास नातेवाइकांच्या हातून. त्यामुळे माझ्या टेबलावर काय काय येऊन पडलं ते विचारू नका. लोणच्याच्या बरणीतलं अपेंडिक्स आलं, बरणीला मोहरीचा वास तसाच होता. पित्ताशयातले खडे रुमालात बांधून आले. दरेकशाकडचा एक माणूस वडिलांच्या मांडीतली गाठ चक्क मोहाच्या दारूत घालून घेऊन आला. वाटेत औषधी पाण्याची बाटली सांडली म्हणाला, तर घरात जे होतं ते ओतलं. माझा टेक्निशियन मनोहर हसून हसून लोटपोट झाला. पण त्या माणसाचा तर्क बरोबर होता, दारूत तुकडा टिकतो. रिपोर्ट झकास निघाला.

संपादकांनी माझ्याकडे असलेच किस्से मागितले होते. दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं लिहा म्हणाले. हलकंफुलकं माझ्याजवळ होतं तेवढं वर लिहून झालं. आता मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे ते लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाही आणि माझा राग अजून शांत झालेला नाही.

सुमित्राबाई पन्नाशीच्या. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी धानाच्या ज्या बांध्यांना मिळतं, तिथल्या एका धानवाल्या घरातली धाकटी सून. नवरा काही वर्षांपूर्वी साप चावून गेला. घर एकत्र, आणि कारभार नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे. त्यांचं नाव तुळशीरामजी. म्हणजे सुमित्राबाईंचे भासरे. ही नावं मला त्या वेळी ठाऊक नव्हती. माझ्याकडे आली ती एक छोटी बाटली, तीत तांदळाच्या कणीएवढे जठराचे चार-पाच तुकडे. पोटाच्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून काढलेले. बाईला महिनोन् महिने भूक नव्हती, घासभर खाल्लं की पोट भरायचं, आता तर खाल्लेलं सगळं उलटून पडत होतं.

काच दुर्बिणीखाली ठेवली आणि कॅन्सर दिसला. त्यात शंका नव्हती. पेशी अंगठीसारख्या, पोटात थेंब भरलेला आणि केंद्रक कडेला ढकललेलं. जठराच्या एका वाईट कॅन्सरमध्ये नेमक्या अशाच पेशी असतात. दुसरं कुणी असतं तर तिथेच रिपोर्ट लिहून चहा मागवला असता. मला दोन गोष्टी खटकल्या. जठराचा स्वतःचा कॅन्सर त्याच्या आतल्या अस्तरातून उगवतो, आणि इथे अस्तर शाबूत होतं, पेशी त्याच्या खाली दडलेल्या. दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी त्या एकामागे एक, रांग धरून चालल्या होत्या. अशी रांग धरायची सवय स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरला असते.

हे वाचणाऱ्यांना नवल वाटेल, म्हणून सांगते. स्तनाचा कॅन्सर पसरला की हाडात, फुप्फुसात, यकृतात जातो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याचा एक प्रकार असा आहे की ज्याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या सुट्या निसटतात आणि कधीकधी जठरात किंवा आतड्यात जाऊन बसतात, तेही गाठ काढल्यावर कित्येक वर्षांनी, बाई स्वतः ते दुखणं विसरल्यावर. तिथे त्या इतक्या बेमालूम मिसळतात की दुर्बिणीखालीसुद्धा जठराच्याच वाटतात. फरक ओळखणं का महत्त्वाचं, तर जठराचा स्वतःचा कॅन्सर असेल तर पोट कापायचा विचार करतात. स्तनातून आलेला असेल तर कापून फारसा फायदा नसतो, तो आधीच अंगभर फिरून आलेला असतो. त्याला बहुतेक वेळा गोळ्या देतात. गोळ्या लागू पडल्या तर बाई दोन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, स्वतःच्या पोटाने जेवते-खाते.

तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता, की या बाईला पूर्वी छातीत गाठ झाली होती का?

मी पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस, हुशार, पण दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणाले, पेशंट इथेच बसलीय, आत्ता विचारतो. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला.

"पूछ लिया मॅडम. कुछ नहीं है."

"नीट विचारलंत ना?"

"एकदम साफ पूछा. छाती में कभी गाँठ, ऑपरेशन, कुछ भी? जेठ साथ में हैं, उन्होंने बोला ऐसा कुछ हुआ ही नहीं. पेशंट ने भी गर्दन हिलाके ना बोला."

जेठ म्हणजे आमच्याकडचा भासरा. मी भंडाऱ्याकडच्या एकत्र घरात वाढले. माझी आई तिच्या भासऱ्यांशी, म्हणजे माझ्या मोठ्या वडिलांशी, जन्मात एक शब्द बोलली नाही. ते ओसरीवर असले की ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची, चप्पल काढून हातात धरायची आणि भिंतीच्या कडेने निघून जायची. त्यांना काही सांगायचं झालं तर पाण्याच्या माठाकडे तोंड करून म्हणायची, ताट वाढलंय म्हणावं. हे जुनं झालं असं शहरात बसून वाटतं. आमच्याकडच्या खेड्यांतून अजून आहे. आणि त्यात वाईट कुणीच नसतं. भासरा तितकाच मान राखून असतो, घरात शिरताना खाकरतो, सुनेच्या वाटेवर थांबत नाही. फक्त ती बाई त्याच्यासमोर मुकी असते. तिला त्याच्यासमोर छातीबद्दल विचारणं म्हणजे न विचारणंच.

मी डॉक्टरांना म्हटलं, "जेठांना बाहेर पाठवा आणि पुन्हा विचारा. एकटीला."

"मॅडम, बाहर देखो कितनी भीड़ है. ना बोल रही है तो ना ही होगा ना? कोई अपनी बीमारी क्यों छुपाएगा?"

मी पुन्हा सांगितलं. रिपोर्टातही ठळक अक्षरांत लिहिलं, की हा कॅन्सर स्तनातून आलेला असू शकतो, विशेष रंगाची तपासणी नागपूरहून करून घेतल्याशिवाय ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. विशेष रंग म्हणजे असा रंग, की जो पेशी मूळची कुठली ते सांगतो. पण बाईच्या पोटात पाणीही टिकत नव्हतं. घरच्यांना घाई, डॉक्टरांना घाई. तोवर ती सर्जनकडे भरती झाली होती. मी सर्जनला फोन केला.

"ताई, कॅन्सर है ना? आपने ही लिखा है."

"कॅन्सर आहे, पण कुठला ते पक्कं नाही. आठवडाभर थांबा."

"आठ दिन में वो सूख के मर जाएगी. पेट में है तो पेट निकालेंगे. रंग-वंग बाद में देख लेना आराम से."

त्याचंही पूर्ण चुकत होतं असं म्हणता येत नाही. समोर बाई वाळत चालली होती. पण नळीने अन्न देऊन आठवडा काढता येतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

त्या दुपारी जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढत असल्याचा आवाज आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, साठी उलटलेला उंच माणूस. दोन्ही हातांत झाकणाची प्लास्टिकची बादली छातीशी धरलेली. चपला दाराबाहेर काढून आत आला आणि बादली टेबलावर अशी ठेवली जशी कुणी भरली घागर ठेवतं.

"ऑटोत खाली नाई ठेवलो मॅडम. मांडीवरच धरून आनलो. हिंदकरलं असतं तं तुमाले तपासाले त्रास झाला असता."

हे तुळशीरामजी. ज्या बाईचा चेहरा त्यांनी उभ्या आयुष्यात धड पाहिला नव्हता, तिचं जठर ते मांडीवर घेऊन आले होते.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "तुमच्या घरच्या बाईंना पूर्वी छातीचा काही आजार होता का हो?"

"त्या डॉक्टरनंबी हेच विचारलं होतं. तुमी सारे हेच कायले विचारून राहिले?" ते जरा चिडले. मग मवाळपणे म्हणाले, "काई नव्हतं मॅडम. मी घरचा मानूस आहो. मले मालूम रायलं असतं न. लेकरू समजून सांभाळलं तिले, धाकला गेल्यापासून."

खोटं ते बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

ते गेल्यावर मी बादली उघडली. निरोगी जठर मऊ असतं, हातात घेतलं की लोळागोळा होतं. हे ताठ होतं, जुन्या चामड्याच्या पखालीसारखं. मनोहरने त्याचे तुकडे मेणात बसवले आणि मी स्वतः नागपूरला पाठवले. काय येणार ते मला माहीत होतं. तसंच आलं. पेशी स्तनाच्या होत्या, आणि गोळ्या ज्यांना लागू पडतात त्या जातीच्या होत्या.

मी दोन्ही डॉक्टरांना कळवलं. पोटाचे डॉक्टर म्हणाले, "बहुत रेअर केस है मॅडम, मिलके पेपर लिखते हैं." सर्जन म्हणाला, "ऑपरेशन तो बढ़िया हुआ था." माझं निदान बरोबर ठरलं म्हणून दोघांनी माझं अभिनंदन केलं. आमच्या धंद्यात बरोबर ठरण्याचं सुख मोठं असतं, एरवी मीही मिरवलं असतं. त्या दिवशी मी फोन ठेवून दिला आणि मनोहरवर उगाच ओरडले.

टाके काढायला गोंदियाला येतील तेव्हा माझ्याकडे पाठवा, असा निरोप मी ठेवला. ती दोघं आली. ते पुढे, ती चार पावलं मागे, पदर नाकापर्यंत, चपला हातात. अंगात कपडे आहेत म्हणून बाई आहे म्हणायचं, अशी झालेली. मी तुळशीरामजींना सांगितलं की आतल्या खोलीत पुरुषांना येता येत नाही. असा काही नियम नव्हता. मनोहर तिथेच काम करत होता, त्यालाही डोळ्याने खुणावलं आणि तो बाहेर गेला.

दार लावल्यावर तिने पदर मागे सारला. मी विचारलं. पोटाच्या डॉक्टरांनी वापरलेलेच शब्द वापरले.

"झाली होती न," ती म्हणाली. अगदी सहज. "माहेरी रायला गेली होती तवा झाली. बालाघाटले. मायनं अन् भावानं रायपूरले नेऊन काढली. मशीनचा शेक देल्ला, गोळ्या देल्ल्या. आमच्या यांलेच मालूम होतं, घरात सांगतलं नाई. हे गेल्यावर गोळ्या कोन आनून देईन, मंग सोडल्या."

"छातीवर खूण असेल. ऑपरेशनच्या वेळी कुणी विचारलं नाही?"

"मशीनच्या पट्ट्या लावनाऱ्या सिस्टरनं विचारलं. भाजलं होतं म्हनलं."

"का बाई?"

"ते दाराशीच उभे होते न. आयकू गेलं असतं."

"आणि त्या आधीच्या डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं होतं, तेव्हा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकं शिकलेल्या बाईला एवढं कळू नये याचं तिला नवल वाटत असावं. "तवाबी होतेच न ते तिथं. त्यायच्यासमोर छातीचं नाव कसं घेऊ? अन् त्यायनंच आधी नाई म्हनलं. त्यायच्यावर मी कसं बोलू?"

मी तिला सांगितलं की हा तोच जुना आजार पोटात उतरला आहे, आता पुन्हा गोळ्या घ्याव्या लागतील, नागपूरचे डॉक्टर लिहून देतील. तिने ऐकून घेतलं. हात पोटावरच्या टाक्यांवर होता. मग विचारलं,

"मी तवा सांगतली असती तं पोट वाचलं असतं का?"

बत्तीस पानांचं पुस्तक लिहिता येईल इतकी उत्तरं मला या प्रश्नाची ठाऊक होती. शक्यता, टक्केवारी, जर आणि तर. ती डोळे न हलवता बघत होती. मी म्हटलं, "हो. बहुतेक वाचलं असतं."

तिने मान हलवली. रडली नाही. पदर पुन्हा पुढे ओढताना म्हणाली, "त्यायले सांगू नोका. खूप केलं त्यायनं माह्यासाठी. जेवन सुटन त्यायचं."

बाहेर तुळशीरामजी उभेच होते. "काय निंगालं मॅडम?"

"गोळ्या सुरू करायच्या आहेत. पोटात पुन्हा होऊ नये म्हणून."

"आनीन. कुठूनबी आनीन," ते म्हणाले.

आणल्याही. दर महिन्याला नागपूरला जाऊन, न चुकता. कशाच्या गोळ्या हे त्यांना कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. गोळ्या लागू पडल्या, पण ज्या पोटासाठी त्या लागू पडल्या ते पोट माझ्याकडे बादलीत होतं. बाई जगली, पण वाटीवाटीने पेज पिऊन. धानाच्या कोठारात राहणारी बाई भाताचं शीत चावून खायला तरसली. जास्त झालं की घामाने भिजून आडवी पडायची, आतड्याला इतकं पेलायची सवय नव्हती. दुसऱ्या वर्षाचा हलका, लवकर येणारा धान कापणीला आला तेव्हा ती गेली.

तेरवी झाल्यावर तुळशीरामजी जिना चढून आले. बरोबर काही नव्हतं. चपला बाहेर काढल्या, आत येऊन त्याच खुर्चीवर बसले. मनोहरने चहा आणला, तो तसाच ठेवला.

"जायाच्या आधी ते माह्याशी बोलली, मॅडम. पयल्यांदा."

मी हातातली काच खाली ठेवली.

"मले हाक काय मारावं तेच मालूम नव्हतं तिले. कधी मारलीच नव्हती न. 'आयका न' म्हनलं. मले वाटलं दुसऱ्या कोनाले म्हनून राहिली. मागं पायलं, कोनी नव्हतं." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "सारं सांगतलं तिनं. बालाघाटचं, रायपूरचं. गोळ्या कायच्या होत्या तेबी. म्हने, मनात ठेवून जात नाई."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तुमचा त्यात काही दोष नाही."

"दोषाचं नाई म्हनत मी." ते आवाज न चढवता बोलत होते. "डॉक्टरनं विचारलं कोनाले होतं? तिले होतं. बिमारी तिची, छाती तिची. मी मधात काऊन बोललो? मले का मालूम होतं? तरी मी नाई म्हनलो. तिच्या आधी म्हनलो."

घरचा कर्ता पुरुष डॉक्टरांसमोर बोलतो. आमच्याकडे तसंच असतं, डॉक्टरांनाही तेच सोयीचं पडतं. पेशंटबाईकडे बघून विचारतात आणि शेजारच्या माणसाचं उत्तर ऐकतात. मी हे त्यांना सांगू शकले असते. पोटाच्या डॉक्टरांच्या खोलीत आजही पेशंटच्या शेजारची खुर्ची तिथेच आहे, सर्जनचं ऑपरेशन आजही बढ़िया होतं, आणि तो पेपर लिहून झाला. त्यात पूर्वीच्या आजाराचा इतिहास उपलब्ध नव्हता असं वाक्य आहे. माझं नाव घालू नका, एवढं मी कळवलं होतं. त्या सगळ्यांच्या वाटणीचं ओझं या एका माणसाने उचलून आणलं होतं, पुन्हा मांडीवर ठेवून.

"एक सांगा मॅडम. खरं सांगा. डॉक्टर विचारून राहिला होता तवा मी उठून बाहेर गेलो असतो, तं बोलली असती का ते?"

तिला मी खरं सांगितलं होतं. या वेळी त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही.

"हो," मी म्हटलं. "बोलली असती."

चहावर साय धरली. मग ते उठले, मला नमस्कार केला आणि दाराबाहेर गेले. चपला त्यांनी पायात घातल्या नाहीत. वाकून उचलल्या, हातात धरल्या, आणि भिंतीच्या कडेकडेने जिना उतरून गेले.